पांढरीत मुरलेलं

ताई मागच्या वर्षी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, तेल्हाऱ्याला आली, तेव्हा तिला सातवा महिना होता. डोहाळे लागले होते ते चिंचेचे नाहीत, आईस्क्रीमचेही नाहीत. मातीचे. संध्याकाळी आई परसात पाणी मारायची, तापलेल्या मातीचा वास उठायचा, आणि ताई मागच्या दारात येऊन उभी राहायची. एकदा मी तिला रंगेहाथ पकडलं. पालकाच्या वाफ्याच्या कडेचं सुकं ढेकूळ तिनं उचललं, पदराला पुसलं आणि तोंडात टाकलं. मला पाहून लाजली. "आईले नोको सांगू," म्हणाली.

आईला ठाऊकच होतं. "खाते तं खाऊ दे वो. म्या बी खाल्ली तुह्या वक्ती. आपली पांढरीची माती हाय, काय नाय होत."

मी अकोल्याला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. त्या शिक्षणाचा घरात आजवर झालेला उपयोग म्हणजे गॅसची नळी बदलायला मला बोलावतात. पण त्या संध्याकाळी काळजात धस्स झालं ते त्याच शिक्षणामुळे. कारण त्या वाफ्याच्या जागी आधी काय होतं, हे मला आठवत होतं.

घरात शेताची जमीन आरोग्य पत्रिका होती. २०१५ साली केंद्र सरकारनं सुरू केलेल्या योजनेतली. रात्री मी ती काढून वाचली. बारा रकाने: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. यांतले चार धातू आहेत, पण पिकाला लागणारे. पत्रिका त्यांच्याबद्दल एवढंच विचारते, की कमी तर नाहीत ना? शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांना रकानाच नाही. तक्रार म्हणून नाही सांगत. पत्रिका शेतासाठी आहे, म्हणजे 'काळी'साठी. माझा प्रश्न 'पांढरी'चा होता.

*

हा शब्द तुमच्या कानावरून गेला नसेल तर थोडं थांबून सांगायला हवं. जुन्या मराठी गावात जमिनीचे दोन भाग मानत. पिकते ती काळी. माणसं राहतात ती पांढरी. पांढरी म्हणजे गावठाण. तिथली माती खरंच फिकट दिसते, कारण ती निव्वळ माती नसते. तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख असते, पडलेल्या भिंती असतात, शेण, हाडं, खापरं असतात. गाव जागेवरून हललं नाही की पांढरी उंचावत जाते. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांची गढी अशाच टेकाडावर आहे. घरांच्या भिंतींना आणि धाब्याला हीच माती वापरत. शेतकरी ती गाड्या भरभरून शेतातही नेत, कारण ती खताचं काम करायची. या खतापायी राज्यातली कितीतरी पुरातन टेकाडं पोखरली गेली, ही पुरातत्त्ववाल्यांची जुनी हळहळ आहे.

त्यांना पांढरीचं महत्त्व कळतं, कारण ती साठवून ठेवते. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथं स्तूप सापडला, भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी सापडल्या. दोन हजारांहून जास्त वर्षांनी. खापर, हाड, मणी काहीच सापडलं नाही, तरी नुसत्या मातीतलं स्फुरद मोजून इथं वस्ती होती की नव्हती, हे सांगता येतं. माणूस जिथं राहतो तिथली माती रासायनिकदृष्ट्या वेगळी होते. आजची परिभाषा जिला 'शहरी मृदा' म्हणते, तिच्यासाठी आपल्याकडे आधीपासून एक शब्द होता.

राख आणि हाडं मातीत मुरतात आणि खत होतात. आई म्हणते ते त्या मातीपुरतं बरोबरच आहे. विसाव्या शतकात पांढरीत जे मुरलं, ते मात्र खत होत नाही. सेंद्रिय गोष्ट कुजते. कीटकनाशकाचा रेणूही आज ना उद्या तुटतो. धातू हे मूलद्रव्य. तुटून तुटून तुटणार काय? शिशाचा अणू शिशाचाच राहतो.

*

शिसं आपल्याकडे पेट्रोलबरोबर आलं असं मुळीच नाही. ते भाषेत आहे, देवळात आहे, माजघरात आहे. शेंदूर म्हणजे शिशाचं तांबडं ऑक्साइड. कुंकू वेगळं, ते हळदीचं. पारंपरिक शेंदूर मात्र शिसं भाजून केलेला. आमच्याकडच्या कुठल्याही पारावरच्या मारुतीचे नाकडोळे शेंदरात बुजलेले असतात. थरावर थर चढत जातात. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा साचलेला लेप २०२२ मध्ये काढला, तो हजार किलोहून जास्त भरला. हल्ली शेंदूर म्हणून जे विकतात त्यात काय असतं हे पुडीवरून कळत नाही, तो भाग वेगळा. मुरदाडशिंग हे शिशाचं पिवळं ऑक्साइड, काष्ठौषधीच्या दुकानात मिळायचं. रसशास्त्रात शिशाला 'नाग' म्हणतात, कथलाला 'वंग'. आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचं पिवळं खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की लेखक त्यावर हरताळ फासत. वाक्प्रचार तिथला आहे. वर्तमानपत्रं रोज कशाला ना कशाला हरताळ फासतात आणि त्यात आर्सेनिक असतं, याचा पत्ता कुणालाच नसतो.

कल्हईवाला मला अंधुक आठवतो. आजीकडून ऐकलेलं जास्त आहे. तो गल्लीत यायचा, जमिनीत खड्डा खणून भट्टी लावायचा, भाता जोडायचा. भांडं लाल तापवून नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे फिरवायची. कथील महाग, शिसं स्वस्त, दोन्ही एकमेकांत सहज वितळतात. त्यामुळे शिशाची भेसळ हे कल्हईचं जुनं दुखणं. आजी कल्हईवाल्यासमोर मोडा घेऊन बसून राहायची ती याच संशयानं. अर्थात बसून काय दिसणार होतं, देव जाणे.

तरी हे सगळं चिमटी-चिमटीनं होतं. एका पारापुरतं, एका गल्लीपुरतं. प्रमाण बदललं ते अमेरिकेत.

*

९ डिसेंबर १९२१. ओहायोतल्या डेटन शहरात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली नावाचा इंजिनिअर काही वर्षं एका खटखटीमागे लागला होता. पेट्रोल इंजिनात अवेळी पेटायचं आणि इंजिन ठोके द्यायचं. त्या दिवशी त्यानं टेट्राएथिल लेड नावाचा द्रव पेट्रोलमध्ये टाकला आणि ठोके थांबले. थेंबभर पुरायचा. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमधल्याच एका पंपावर हे पेट्रोल विकायला आलं. त्याचं नाव ठेवलं 'एथिल'. नावातून 'लेड' तेवढं गाळलं.

शिसं विष आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मिजलीला स्वतःला शिशाची बाधा झाली होती आणि बरं व्हायला तो फ्लोरिडाला जाऊन राहिला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका रिफायनरीत हे रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले. पाच जण मेले, तीसच्या वर दवाखान्यात गेले. कामगारांनी या वाफेला आधीच 'वेडाचा गॅस' असं नाव ठेवलं होतं. त्यानंतर मिजलीनं पत्रकारांसमोर तेच रसायन हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. हार्वर्डमधली पहिली स्त्री प्राध्यापक ॲलिस हॅमिल्टन तिथं विरोधात उभी राहिली. आयुष्यभर तिनं शिशाच्या कारखान्यांतले कामगार तपासले होते. तिचं म्हणणं साधं होतं: कारखान्यात निदान पहारा ठेवता येतो, रस्त्यावर सांडणाऱ्या शिशावर कोण पहारा ठेवणार? परिषदेनं समिती नेमली. समितीनं काही महिन्यांत कामगार आणि ड्रायव्हर तपासले आणि बंदी घालण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. पुढची काही दशकं जगभर तोच निष्कर्ष चालला.

तो मोडून काढणारा माणूस तिसऱ्याच कामाला लागला होता. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचं वय काढत होता. उल्कापाषाणातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून ते काढता येतं. पण त्याचे आकडे जुळेनात. नमुन्यात शिसं यायचं तिथून यायचंच, पण हवेतून, काचेतून, पाण्यातून, त्याच्या स्वतःच्या केसांतूनही यायचं. शेवटी त्यानं धुऊन-पुसून इतकी स्वच्छ प्रयोगशाळा उभी केली, की १९५६ मध्ये पृथ्वीचं वय मिळालं: ४५५ कोटी वर्षं. आजही तेच मानतात. दुसऱ्या कुणी पुढच्या उल्केकडे मोर्चा वळवला असता. पॅटरसन विचारत राहिला, की माझ्या केसांत एवढं शिसं आलं कुठून? १९६५ मध्ये त्यानं लिहिलं, की आपण ज्याला माणसाच्या शरीरातलं 'नेहमीचं' शिसं समजतो ते नैसर्गिक नाहीच, ते साचलेलं आहे. शिशाच्या धंद्याला हे आवडलं नाही. नंतर सरकारी अभ्यासगटातून त्याला वगळण्यात आलं.

आता यातली मला सगळ्यात झोंबणारी गोष्ट. अमेरिकेत १९७५ पासून नव्या गाड्यांना बिनशिशाचं पेट्रोल लागायला लागलं, ते मुख्यतः मुलांसाठी नव्हे. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाड्यांना बसवला आणि शिशामुळे त्यातलं प्लॅटिनम निकामी व्हायला लागलं, म्हणून. भारतातही तसंच. १ एप्रिल १९९५ ला दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत बिनशिशाचं पेट्रोल मिळायला लागलं, ते कन्व्हर्टर असलेल्या नव्या मोटारींसाठी. देशभरात शिशाचं पेट्रोल बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. म्हणजे मुंबईतल्या नव्या मोटारीच्या नळीची काळजी आधी घेतली गेली, आणि तेल्हाऱ्यातल्या पोरांची पाच वर्षांनी. त्या पाच वर्षांतलं मी एक पोर.

पण तेल्हाऱ्यात तेव्हा गाड्या होत्या कुठे, असं कुणी म्हणेल. खरंय. रेल्वे गावाला नाहीच. एसटी डिझेलची, ट्रॅक्टर डिझेलचा, आणि डिझेलमध्ये शिसं घालत नसत. राहिल्या लुना, राजदूत, बजाजच्या स्कूटर. सोपा हिशोब करून पाहू. भारतातल्या पेट्रोलमध्ये पूर्वी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालायचं. एखाद्या लहान गावात दिवसाला शंभर लिटर पेट्रोल खपत असेल असं नुसतं धरलं, तर वर्षाला वीस किलो होतं. त्यातलं बहुतेक धुरातून बाहेर पडणार आणि जड असल्यानं फार लांब न जाता रस्त्याच्या कडेला बसणार. हा आकडा माझा, कागदावरचा. गावाची मोजणी म्हणून तो घेऊ नका. पण वीस किलो म्हणजे नगण्य नव्हे, एवढं त्यातून कळतं.

*

आमच्या घरापुढची गोष्ट मात्र पेट्रोलची नाही. बॅटरीची आहे.

आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, घराच्या पुढच्या जागेत टिनाचं एक शेड टाकून भाड्यानं दिलं होतं. त्यात एका काकांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. रामायण लागायचं त्या काळात, म्हणजे १९८७-८८ मध्ये, ते गावातलं सगळ्यात महत्त्वाचं दुकान होतं असं बाबा सांगतात. रविवारी सकाळी वीज गेली तर काय, म्हणून खेड्यातून लोक ट्रॅक्टरची बॅटरी शनिवारीच चार्जिंगला आणून ठेवायचे. टीव्हीला हार घालायचे, शेजारी बॅटरीलाही कुंकू लावायचे. मग वऱ्हाडात भारनियमनाची वर्षं आली, घरोघरी इन्व्हर्टर आले, आणि काकांची दुसरी चलती सुरू झाली. ती मी पाहिली आहे.

ट्रॅक्टरच्या एका बॅटरीत दहा किलोच्या आसपास शिसं असतं. बॅटरी उतरली की काका ती उलटी करायचे, जुनं ॲसिड मागच्या मातीत. फरशीवर पडलं तर फेस यायचा, तो बघायला आम्ही पोरं जमायचो. त्या ॲसिडबरोबर करड्या रंगाचा गाळ यायचा. तो शिशाचा. फुटक्या प्लेटा भंगारात जायच्या आणि चुरा लोखंडी कढईत वितळवून काका नवे टर्मिनल ओतायचे. कढईतलं शिसं आरशासारखं चमकायचं. काका आम्हाला त्याचे मणी ओतून द्यायचे, गोट्यांसारखे. जड, मऊ, दातानं चावले तर खूण उठायची. हो, चावून बघितलेत.

यात काकांना दोष द्यायचा माझा विचार नाही. जुन्या बॅटऱ्यांचं काय करायचं याचा देशातला पहिला नियम २००१ मध्ये आला, आणि तोही शेडपर्यंत कोण घेऊन येणार होतं? काका ते ॲसिड उघड्या हातांनी ओतायचे. सगळ्यांत जास्त शिसं त्यांच्याच अंगात गेलं असणार. पुढे शेड पडलं. आबाजींच्या मागे आईनं ती जागा घराच्या परसात घेतली, खत टाकलं, पालक लावला. पालक काय झक्कास आला.

*

पालक झक्कास येतो, हीच यातली फसगत आहे. शिशानं माती खराब झाली तर झाड मरेल, पानं पिवळी पडतील, अशी आपली समजूत असते. तसं बहुधा होत नाही. हॉवर्ड मिल्के या अमेरिकन शास्त्रज्ञानं बाल्टिमोर शहरातल्या घरगुती बागांची माती तपासली. त्याचा निबंध १९८३ मध्ये आला. सगळ्यात जास्त शिसं शहराच्या मधल्या भागात निघालं. तोवर सगळे जुन्या घरांच्या रंगाला दोष देत होते. पण तिथली घरं बरीचशी विटांची, बाहेरून रंग नसलेली होती. म्हणजे शिसं वाहनांच्या धुरातून आलं होतं. आणि या बागांमध्ये लोक भाजी पिकवून खात होते.

मुंबईत लोकलनं फिरला असाल, तर रुळांच्या कडेचे हिरवेगार वाफे तुम्ही पाहिले असतील. पालक, लाल माठ, मुळा. ती जागा रेल्वेनं 'ग्रो मोअर फूड' योजनेखाली कर्मचाऱ्यांना कसायला दिलेली असायची. बाजूच्या नाल्याचं पाणी आणि गाडीची धूळ यांवरून त्या भाजीबद्दल अधूनमधून बातम्या आल्या आहेत. आपण वाचतो, आणि आपली भाजी गावाकडची म्हणून निर्धास्त होतो.

आमच्या मातीची एक जमेची बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. वऱ्हाडची काळी माती चिकण, चुनखडीची, सामू आठच्या आसपास. अशी माती शिशाला घट्ट धरून ठेवते, मुळांतून वर फार जाऊ देत नाही. (अर्थात जिथं वर्षानुवर्षं ॲसिड ओतलं, तिथं हा हिशोब कितपत लागू पडेल?) जे खाल्लं जातं ते जास्त करून पानावर बसलेल्या धुळीतून आणि न धुतलेल्या मुळातून. म्हणून पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा यांची काळजी जास्त. वांगी, टमाटे, भेंडी, तुरीच्या शेंगा यांत फार कमी. पण घट्ट धरून ठेवते याचा दुसरा अर्थ असा, की ते वरच्या वीतभर मातीतच राहतं. पावसानं खाली जात नाही. रोमन लोकांनी जिथं शिशाच्या खाणी चालवल्या तिथली माती अजून दूषित आहे. त्यांच्या भट्ट्यांचं शिसं ग्रीनलँडच्या बर्फात थरानं सापडतं.

कॅडमियमचं उलटं. ते हलकं चालतं. फॉस्फेटच्या खडकात ते थोडंफार असतं, तिथून सुपर फॉस्फेटमध्ये येतं. एरवी आमच्या चुनखडीच्या मातीत तेही दबून राहिलं असतं. पण तेल्हारा तालुक्याचा दक्षिण भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो, आणि मिठातलं क्लोराइड कॅडमियमला बांधून पाण्यात सुटं करतं, मग ते झाडात चढतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात खाऱ्या जमिनीतल्या बटाट्यांत हे १९९० च्या दशकात दिसलं. खारपाणपट्ट्याबद्दल आपण कायम पोटाच्या आणि किडनीच्या गोष्टी ऐकतो, या बाजूनं कुणी बोलताना मी ऐकलं नाही.

आणि मुळात, भाजी हा लांबचा रस्ता आहे. जवळचा रस्ता म्हणजे माती सरळ तोंडात जाणं. रांगणारं मूल दिवसभर तेच करतं. आणि ताई.

*

मी दोन नमुने घेतले. एक शेडच्या जागेचा, एक मागच्या विहिरीजवळचा. खुरप्यानं वीतभर खोल, पाच ठिकाणची माती एकत्र करून, सावलीत वाळवून. खासगी प्रयोगशाळेत पाठवले. फोनवर त्यांनी विचारलं, "एनपीके ना?" मी म्हटलं, नाही, शिसं. पैसे जास्त पडले. ताईला डॉक्टरांनी रक्ताची तपासणी लिहून दिली. त्याचाही नमुना बाहेरगावी गेला.

अहवाल यायला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. आईला वाटत होतं, मी तिच्या पालकाचा अपमान केला. "इतके वर्सं खाऊन रायलो आपण. तुले काय झालं? एम.एस्सी. झाली ना?" या युक्तिवादाला उत्तर देणं अवघड असतं. शिशाची बाधा फोड येऊन दिसत नाही. एखादं पोर वर्गात जरा मागं राहतं, जरा चिडकं होतं, चार गुण कमी पडतात, आणि आपण म्हणतो, आमच्या पोट्ट्याचं डोकं चालत नाही. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या अहवालात जगातल्या जवळपास ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं असल्याचा अंदाज होता. म्हणजे दर तिसरं मूल. त्यांतली सगळ्यात जास्त भारतात. त्या मुलांना वेगळं ओळखता येत नाही, कारण मोजल्याशिवाय ती आपल्यासारखीच दिसतात.

अमेरिकेनं घराच्या अंगणातल्या मातीतल्या शिशाची सावधगिरीची पातळी किलोमागे ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली, ती जानेवारी २०२४ मध्ये. मी त्याच रेषेशी ताडून पाहिलं. विहिरीजवळचा नमुना रेषेच्या आरामात खाली. शेडच्या जागेचा बराच वर. एकाच परसात, तीस पावलांवर.

ताईच्या रक्ताचा आकडा धोक्याचा नव्हता. शून्यही नव्हता. सुरक्षित अशी पातळीच नाही हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते मी तिला सांगितलं नाही. तिला गूगल येतं. तिनं माती सोडली. कशी सोडली ते तिलाच माहीत. रात्री मडक्याला नाक लावून बसायची.

आईला मी आकडे दाखवले नाहीत. सामान हलवू म्हटलं. पालक-मेथी विहिरीकडे, शेडच्या जागी फरशी. आई गप्प होती. मग म्हणाली, "हे मले आंधीच सांगाले काय झालं होतं?" आधी म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः पालक उपटला आणि म्हशीला न घालता खड्ड्यात पुरला. मग तिच्याच लक्षात आलं, की पुरला म्हणजे परत तिथंच.

फरशी टाकण्याआधी वरची वीतभर माती काढायची होती. काढून टाकायची कुठे, हे मला अजून नीट उमगलेलं नव्हतं. म्हणून मी काकांना भेटायला गेले. ते आता थकलेत, हात थरथरतात, वयानं की कशानं, मी डॉक्टर नाही. मी विचारलं, काका, तुम्ही तो गाळ कुठं टाकायचा?

"तुमच्या मांगंच टाको ना थोडा," ते म्हणाले. "नेहमीचा नाय पन. नेहमीचा सायकलवर डब्बा बांधून नेऊ. तथी मोठा खड्डा होता, नाल्याच्या अल्याड. भरला तो मंग. बुजवला त्याहीनं."

कुठं, मी विचारलं. त्यांनी दारातून बोट दाखवलं. मी वळून पाहिलं. मोकळा प्लॉट होता. विटांचे स्टंप लावून पोरं क्रिकेट खेळत होती, आणि लाँग-ऑनच्या पलीकडे कुणीतरी कांद्याची रोपं टाकली होती.